पंचा, दुपट्टा की मायक्रोफायबर?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की किल्ले आणि जंगलभटकंतीचे बेत ठरू लागतात आणि सामानाबद्दलची पत्रं वाढतात. या अंकात टॉवेलवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. एक पत्र पावसाळी यात्रेबद्दलचं आहे. तिथलं उत्तर अगदी वेगळं असल्यामुळे तेही इथेच दिलं आहे.

प्रश्न : आमच्या शाळेची आठवी-नववीची मुलं डिसेंबरात नरनाळा किल्ल्यावर नेणार आहोत. मुक्काम पायथ्याशी शहानूरला, दोन रात्री. मागच्या सहलीत मुलांनी घरचे जाड टॉवेल आणले होते. निम्मी बॅग त्यातच गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळे टॉवेल ओलेच. पालक म्हणतात, मायक्रोफायबरचे, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचे टॉवेल घ्यायला सांगा. सांगावं का?
— शिक्षक, अकोट तालुका

उत्तर : सर, सांगू नका. डिसेंबरातल्या कोरड्या हवेत सुती पंचा पुरेसा आहे. तो बहुतेक घरांत असतो, नसला तर आठवडी बाजारात मिळतो.

हिशेब करून पाहा. कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. घरचा फुगीर, फेऱ्यांचा (धाग्याची छोटी वेटोळी असलेला) टॉवेल साधारण ४०० ते ५०० जीएसएमचा असतो. ७५ सेंमी रुंद आणि १५० सेंमी लांब म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएम धरला तर कोरडाच ५०६ ग्रॅम भरला. तेवढ्याच मापाचा पंचा ११० जीएसएमचा धरला तर वजन १२४ ग्रॅम. आता मायक्रोफायबर : प्रवासासाठी विकला जाणारा पातळ प्रकार बहुधा २०० जीएसएमच्या आसपास असतो. ६० बाय १२० सेंमीचा घेतला तर १४४ ग्रॅम. म्हणजे पंचा त्याच्याहून हलका, आणि वर मोठासुद्धा. जाहिरातीत मायक्रोफायबरची तुलना नेहमी जाड टॉवेलशी केलेली असते, पंच्याशी कधीच नाही.

मग मायक्रोफायबरचा फायदा कुठे? पिळल्यानंतर. कापसाचा तंतू स्वतःच पाणी पितो. वाळलेलं सुती कापडही नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतं, मायक्रोफायबर मुख्यतः ज्याचा बनतो ते पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मायक्रोफायबरमध्ये पाणी तंतूंच्या मधल्या बारीक फटींत अडकतं, म्हणून पिळलं की बरंचसं बाहेर येतं आणि उरलेलं लवकर उडतं. पण डिसेंबरात आपल्याकडे दुपारचं ऊन आणि कोरडा वारा असतो. पंचा इतका पातळ आहे की तोही तास-दोन तासांत वाळतो. त्या फायद्यासाठी प्रत्येक पालकाला खर्चात पाडायची गरज नाही.

मुलांना सूचना मात्र नेमक्या द्या. कोरा पंचा थेट सहलीला आणायचा नाही. त्याला खळ असते, ती पाणी अंगावरून नुसतं सरकवते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, असं दोन-तीनदा केलं की खळ निघते आणि कापड पाणी ओढू लागतं. लाल-हिरव्या काठाचा असेल तर पहिल्या धुण्यांना वेगळा ठेवा, रंग जातो. धुतल्यावर थोडा आकसतोही, म्हणून मापाला चिकटून घेऊ नका. विणीची परीक्षा सोपी आहे : पंचा उजेडासमोर धरा. उजेड झिरपावा, पण पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येऊ नये. चेहरा दिसला तर वीण विरळ आहे, चार धुण्यांत चाळणी होईल. दोन्ही टोकं दुमडून शिवून घ्या, नाहीतर दशा सुटत राहतात. लहान चणीच्या मुलाला अख्खा पंचा लागतही नाही. मधून कापून दोन भावंडांत वाटला तरी चालतो.

आणि अंघोळ झाल्याबरोबर टॉवेल उचलायचा नाही. आधी तळहाताने केस, हात, पाय वरून खाली निपटून पाणी झाडायचं. अंगावरचं बरंच पाणी असंच जातं. मग पुसा, पिळा, परत पुसा. एवढं शिकवलं तर कुठलाही टॉवेल चालेल. किल्ल्यावरच्या तळ्यांत साबण मात्र नको, तिथे वन्यप्राणी पाणी पितात.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला मायक्रोफायबर टॉवेल पाणीच शोषत नाही. अंगावर ओढला की पाणी पसरतं आणि हाताला खरखरून चिकटतो. पाच-सहा वेळा धुतला, उलट जास्तच कडक झाला. माल खोटा आहे का?
— तरुण वाचक, दर्यापूर

उत्तर : खोटा असू शकतो, पण तुम्ही दर्यापूरचे आहात हे वाचून आमचा पहिला संशय पाण्यावर गेला. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या खाऱ्या-जड पाण्यात वडीचा साबण नीट विरघळत नाही. पाण्यातले क्षार आणि साबण मिळून चिकट साका तयार होतो. जाड सुती कापडात तो फारसा जाणवत नाही. मायक्रोफायबरचं सगळं काम बारीक फटींवर चालतं, आणि त्या फटीच हा साका बुजवतो. जितकं धुवाल तितका थर वाढतो.

उपाय असा. पाच लिटर पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घालून टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवा. हातानं दोन-चारदा दाबून सोडा, म्हणजे पाणी आतपर्यंत खेळेल. नंतर नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा. यापुढे वडी नको. कपडे धुण्याची पावडर किंवा लिक्विड वापरा, नेहमीच्या निम्मं. कपडे मऊ आणि सुवासिक करणारं जे द्रव शेवटच्या पाण्यात घालतात, तेही बंद करा. ते तंतूवर मेणासारखा थर चढवतं, मग मायक्रोफायबर संपलाच. ब्लीच तर अजिबात नको. यातला पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनचा, धागा ब्लीचमधल्या क्लोरीनने कमजोर होतो. इस्त्री नको आणि फेऱ्यांच्या सुती टॉवेलबरोबर धुणं नको, त्याचे तंतू याला चिकटून बसतात.

एवढं करून फरक पडला नाही तर मालाकडे वळा. लेबलवर पॉलिएस्टर ८० टक्के, पॉलिअमाइड २० टक्के असं लिहिलेलं असावं. या दोन पदार्थांचा एकत्र ओढलेला धागा कारखान्यात फाडून बारीक पाकळ्या करतात, शोषणाची ताकद तिथून येते. नुसतं शंभर टक्के पॉलिएस्टर असेल किंवा धागा नीट फाटलेला नसेल तर कापड मऊ लागेल पण पाणी ढकलेल. टेबलावर चमचाभर पाणी सांडा आणि टॉवेलचा कोपरा त्यावर अलगद टेकवा, दाबू नका. चांगला मायक्रोफायबर पाणी लगेच वर ओढतो. पाण्याचा थेंब बाजूला पळाला तर टॉवेल गाडी पुसायला ठेवा.

खरखरून चिकटण्याचा दोष मात्र कापडाचा नाही. फाटक्या पाकळ्या कोरड्या, भेगाळलेल्या कातडीत अडकतात. शेतात राबलेल्या हातांना तर हे हमखास जाणवतं. हा टॉवेल घासायचा नसतो, अंगावर पसरून दाबायचा आणि उचलायचा, शाई टिपावी तसा. तरीही नको वाटत असेल तर सपाट, मखमली पोताचा घ्या. फेऱ्यांचा आणि चौकटीचा प्रकार जास्त चिकटतो.

वजनातली फसवणूक घरीच पकडता येते. किराणा दुकानातल्या काट्यावर टॉवेल ठेवा, ग्रॅमला चौरस मीटरने भागा. ६० बाय १२० चा टॉवेल ०.७२ चौरस मीटर होतो. तो १८० ग्रॅम भरला तर कापड २५० जीएसएमचं, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

प्रश्न : श्रावणात आम्ही वरुडच्या सात-आठ बायका नागद्वारला जातो. पचमढीच्या त्या डोंगरात पाऊस थांबतच नाही. मागच्या वर्षी पंचे नेले, ते पहिल्या संध्याकाळपासून परत येईपर्यंत ओलेच होते आणि ओझं वाढलं ते वेगळं. केस लांब आहेत. शिवाय कपडे बदलायला आडोसाही नसतो. काय न्यावं?
— गृहिणी, वरुड

उत्तर : ताई, तुमच्यासाठी आमचं उत्तर उलटं आहे : मायक्रोफायबर घ्या. सततच्या पावसात हवाच पाण्याने भरलेली असते. तिथे कुठलंच कापड खऱ्या अर्थाने वाळत नाही. म्हणून वाळणं विसरा आणि पिळून किती पाणी निघतं ते बघा. त्यात मायक्रोफायबर पंच्याच्या बराच पुढे आहे. कच्च पिळला की तो लगेच परत वापरता येतो, दमट लागला तरी अंगावरचं पाणी ओढतो. पिळलेला सुती पंचा ओलाच राहतो आणि नुसतं पाणी फिरवतो.

दोन तुकडे न्या. एक ६० बाय १२० चा, अंगासाठी. दुसरा ४० बाय ८० चा, केसांसाठी. २०० जीएसएमचा असेल तर तो फक्त ६४ ग्रॅम भरतो. केस टॉवेलने चोळू नका. आधी हाताने पिळून पाणी काढा, मग टोकांकडून मुळांकडे मूठ-मूठ दाबत या. दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, सोडा, टॉवेल पिळा, परत दहा मिनिटं गुंडाळा. सकाळी निघताना केस ओले असतील तर घट्ट आंबाडा घालू नका. सैल वेणी घाला, नाहीतर आतून कुबट वास धरतात.

आडोशाचं काम टॉवेलवर टाकू नका. पातळ मायक्रोफायबर अंगाला पुरत नाही आणि ओला पंचा पारदर्शक होतो. त्यासाठी छातीवर बांधायचा गडद रंगाचा परकर हाच उत्तम. तो बहुतेकींच्या सामानात असतोच. घ्यायचाच तर सुतीऐवजी पातळ टेरिकॉटचा घ्या, कमी पाणी धरतो. मोठा आडोसा हवा असेल तर जुन्या सिंथेटिक साडीचं अर्धं पान दोन काठ्यांना किंवा दोघींच्या हातात.

टॉवेल ठेवण्याची पद्धत तितकीच महत्त्वाची. ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या तळाशी दाबू नका. चालताना पिळून बॅगेच्या बाहेर, पट्ट्याखाली अडकवा. मुसळधार सर आली तर आत. रात्री झोपायच्या ठिकाणी वर दोरी ताणून मोकळा पसरा, घडी घालून टांगू नका. रात्री घालायचे कोरडे कपडे वेगळ्या, तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीत असावेत आणि टॉवेलचा त्यांना स्पर्शही नसावा. त्या यात्रेत कोरडं राहतं ते तेवढंच.

प्रश्न : गळ्यात दुपट्टा आहेच ना भाऊ, मग हे सारं कशाले? आम्ही दरवर्षी प्रकटदिनाले पायी शेगावले जातो.
— शेतकरी, बाळापूर तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं बरोबर आहे. दुपट्ट्यासारखं बहुगुणी कापड दुसरं नाही. ऊन चढलं की भिजवून डोक्याला, सावलीत पुसायला, रात्री कानाला. हे काम मायक्रोफायबरला जमत नाही. डोक्याला गुंडाळला तर कोंदट होतं. फक्त एक सांभाळा. ज्या दुपट्ट्याने दिवसभर घाम पुसला, त्यानेच अंघोळीनंतर अंग आणि जांघा पुसू नका. घामाचं मीठ कापडात बसतं आणि चालून सोललेल्या कातडीवर ते काचकागदासारखं घासतं. दुसरा एक पातळ पंचा ठेवा. दुपट्टा मुक्कामी पोचल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून वाळत घाला.

प्रश्न : जंगल कॅम्पवर टॉवेल वाळत कुठे घालावा? तंबूवर टाकला तर सकाळी जास्तच ओला.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, अर्जुनी मोरगाव

उत्तर : ते दव. थंडीत निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालची प्रत्येक वस्तू हवेपेक्षा थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर उतरते. नवेगावबांधसारख्या तळ्याच्या काठी तर विचारूच नका. सूर्य मावळायच्या आत टॉवेल उचलायचा. थोडा दमट असला तरी झाडाखाली किंवा ओसरीत टांगा. वर छत किंवा फांद्या असल्या की दव फार कमी पडतं.

दिवसा दोरीवरच घाला, झुडपावर नाही. याची कारणं आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नकोत, तरी शहरातले मित्र सोबत असतील तर त्यांना सांगा. पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकतं. त्याची टोकं फेऱ्यांच्या कापडात शिरली की एक-एक ओढून काढण्यात तास जातो, आणि राहिलेलं एखादं पाठीत टोचतं. मायक्रोफायबर तर गवताचा बारीकसा तुकडाही सोडत नाही. त्याहून वाईट खाजकुहिली. थंडीत तिच्या शेंगा वाळतात आणि वरची सोनेरी लव वाऱ्यावर उडते. तिच्या वेलाजवळ वाळलेल्या टॉवेलने तोंड पुसलं तर दिवस वाया गेला म्हणून समजा. असं झालंच तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी अंगावर दाबून ओढली की बरीच लव निघते, मग भरपूर पाणी आणि साबण. तो टॉवेल त्या सहलीत परत वापरायचा नाही.

दोरी छातीच्या उंचीच्या वर बांधा. गाईगुरांना घामाच्या खारट कापडाची चटक असते, खाली लोंबणारं टोक चावून-चावून चोथा करतात. टॉवेलला कोपऱ्यात नाडी नसेल तर शिंप्याकडून शिवून घ्या, बटण असलेली असेल तर आणखी बरं. नुसता दोरीवर टाकलेला पातळ टॉवेल वाऱ्याने उडून नाल्यात जातो. आणि जमिनीवर पडलेला किंवा रात्रभर खाली राहिलेला टॉवेल सकाळी झटकल्याशिवाय तोंडाला लावू नये. विंचवाला तशी घडी आवडते.

प्रश्न : रोडग्याच्या (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) कार्यक्रमात गरम गंज, म्हणजे पातेलं, उचलताना मित्राचा मायक्रोफायबर टॉवेल वितळून बोटाला चिकटला. असं कसं झालं?
— वाचक, आर्वी

उत्तर : पॉलिएस्टर साधारण २५०-२६० अंशांना वितळतं, पॉलिअमाइड त्याच्याही आधी. गोवऱ्यांच्या निखाऱ्याजवळच्या भांड्याचा काठ सहज तेवढा तापतो. सुती कापड करपतं, पेटतं, पण कातडीला चिकटून बसत नाही. वितळलेलं प्लास्टिक चिकटून भाजत राहतं. भाजलेल्या बोटावर लगेच वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडायचं असतं. चिकटलेला तुकडा ओढायचा नाही, तो डॉक्टरांना काढू द्या. चुलीपाशी सांडशी किंवा सुती फडकंच हवं, तेही कोरडं आणि चारपदरी. ओलं फडकं जास्त सुरक्षित वाटतं, पण पाण्यातून उष्णता लवकर हाताला पोचते आणि वाफेने भाजतं.

प्रश्न : दोन छोटे प्रश्न. पोहणारे वापरतात तो रबरासारखा टॉवेल आणि गोळीसारखे दाबलेले टॉवेल भटकंतीला चालतील का?
— वाचक, चंद्रपूर

उत्तर : रबरासारखा म्हणजे पीव्हीए नावाच्या स्पंजसारख्या प्लास्टिकचा. पाणी जबरदस्त ओढतो, पण वाळला की पापडासारखा कडक होतो, म्हणून तो ओलाच डब्यात ठेवावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात बंद डब्यात दोन दिवसांत बुरशी धरेल. घरून तलावावर जाऊन परत येणाऱ्यासाठी ठीक.

गोळीचे टॉवेल वापरून फेकायचे. जंगलातून त्यांचा ओला कचरा परत आणायची तयारी असेल तर तोंड पुसायला चार गोळ्या ठेवा, अंघोळीला नाही.

प्रश्न : कॅम्पवर मुलांमध्ये टॉवेलची अदलाबदल होते. एकाला गजकर्ण झालं, मग पाचांना. टॉवेलमुळेच का?
— वसतिगृह अधीक्षक, धारणी

उत्तर : टॉवेल हा एक मोठा रस्ता आहे. गजकर्णाची बुरशी दमट कापडावर टिकते आणि दुसऱ्याच्या जांघेत, काखेत रुजते. खरूजही टॉवेल-कपड्यांतून पसरू शकते. प्रत्येक मुलाच्या पंच्याच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दोन टाके घालून घ्या. शाईने लिहिलेलं नाव चार धुण्यांत जातं. टांगताना दोन पंच्यांत वीतभर अंतर ठेवा.

लागण झालेल्या मुलांना मायक्रोफायबर देऊ नका. सुती पंचा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवता येतो, मायक्रोफायबरला तेवढी उष्णता सोसत नाही. त्यांच्या चड्ड्या, बनियन आणि चादरीही त्याच दिवशी उकळा. आणि मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम लावू नका. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते, बुरशी मात्र फोफावते आणि पुढे औषधाला दाद देत नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या मुलांना एकदमच दाखवा. एकट्यावर उपचार केले तर तो बरा होऊन परत दुसऱ्याकडून घेऊन येतो.